मुळं वेचणारा हात

झाकण घट्ट बसलं होतं. घट्ट म्हणजे अगदी व्यवस्थित, आट्यात आटा, कुणीही पाहिलं असतं तर म्हणालं असतं की वा, काय नीट लावलंय. पण तो झाकण असं कधीच लावत नसे. शेवटचा पाव फेरा तो नेहमी सोडून द्यायचा, कारण जुनं प्लास्टिक जास्त आवळलं की कडेला चिरतं आणि चिरेतून दमट हवा आत शिरते – कुठं थांबायचं ते त्याच्या बोटांनाच ठाऊक होतं. आणि आज त्याच बोटांना ते झाकण सोडवताना जोर लावावा लागला, अंगठ्याच्या बुडाशी कळ आली. तो थांबला. बरणी त्यानं खिडकीच्या उजेडात धरली. आत माती होती, कोरडी, तपकिरी, कालच्यासारखीच... की कालच्यापेक्षा थोडी खाली? काचेवर पातळीची खूण नव्हती. खूण करायला हवी होती. एवढी साधी गोष्ट, आणि एवढ्या वर्षांत सुचली नाही; म्हणजे आपण लोकांवर विश्वास टाकत होतो की काय – या विचारानं त्याला स्वतःचाच थोडा राग आला.

निवृत्तीनंतर संस्थेनं त्याला नमुन्यांच्या या खोलीत एक टेबल दिलं होतं. केवढा मान, असं सगळे म्हणाले होते. त्याला मात्र तेव्हाच वाटलं होतं की जुना माणूस आणि जुनी माती एका खोलीत ठेवली की दोन्हींवरची धूळ एकदाच झटकता येते, एवढाच त्यातला हिशेब. भिंतीला लागून फळ्या, फळ्यांवर बरण्या, प्रत्येक बरणीवर त्याच्या हातची चिठ्ठी. संस्थेच्या मागं, पाण्याच्या टाकीपलीकडे, उमेदीच्या वर्षांत त्यानं जमिनीचे दोन तुकडे आखून घेतले होते. एक दर हंगामात नांगरायचा, उघडा ठेवायचा, पिकाला पोत्यातलं खत द्यायचं. दुसरा कधीच नांगरायचा नाही. पिकाची धसकटं, पालापाचोळा तिथंच अंथरायचा, जमीन उघडी पडू द्यायची नाही, गांडुळं, बुरशी आणि डोळ्यांना न दिसणारा तो सगळा गोतावळा पोटभर खाऊ द्यायचा. मग दरवर्षी दोन्हींकडची माती काढून तिच्यातला सेंद्रिय कर्ब मोजायचा – ज्याच्यामुळे माती मऊ होते, पाणी धरते, जिवंत राहते तो. झाकलेल्या तुकड्यातला कर्ब वाढत गेला होता. संथ, पण न चुकता. आलेखावरच्या त्या चढत्या रेघेवर त्याची सगळी नोकरी उभी होती. त्या रेघेवरून शेतकऱ्यांसाठी हस्तपुस्तिका निघाली, आणि तिच्या भरवशावर कितीतरी लोकांनी नांगर अडगळीत टाकला, त्याच्या मेहुण्यानंसुद्धा. अर्थात मेहुणा फोनवर ‘छे छे, नांगराला हात लावत नाही’ म्हणतो तेव्हा मागं कसलंतरी इंजिन चालू असतं, आणि ‘कसला आवाज?’ असं विचारलं की ते लगेच बंद होतं...

हस्तपुस्तिकेची नवी आवृत्ती या आठवड्यात छापायला जायची होती. आणि नेमकी आताच बरणी उघडली गेली होती.

दाराशी भांडारपाल किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा होता. सगळी संस्था त्याला ‘कुलूप’ म्हणायची, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

“काल संध्याकाळी इथं कोण आलं होतं?”

“इथं? सर, इथं उंदीरसुद्धा सही करून आत येतो.”

“बरणी उघडलीय कुणीतरी.”

“माती चोरून कोण काय करणार, सर? बाहेर एवढी फुकट पडलीय.” तो हसला, मग याचं तोंड बघून हसू आवरलं. “सही बघून सांगू का?”

“राहू दे.”

राहू दे, असं का म्हणालो मी? – सही पाहिली असती तर कळलं असतं. म्हणजे कळायला नको होतं का? की कुलपालाही हे ठाऊक असेल आणि तो मुद्दाम विचारत असेल, सांगू का म्हणून... तो चहाच्या खोलीकडे निघाला. लांबूनच आतला हशा ऐकू येत होता, आणि तो उंबरठ्यावर पोचला तसा हशा थांबला. एकदम नाही, कुणीतरी पंख्याचं बटण बंद केल्यावर पाती जशी एकेक फेरा घेत थांबतात, तसा. तीन-चार तरुण चेहरे अदबीनं वर झाले. “या ना सर, बसा ना.” बसा ना, यातला तो ‘ना’. त्यानं कप भरून घेतला आणि उभ्यानंच दोन घोट घेतले. चहा कोमट होता. एका मुलीनं हातातली व्यंगचित्राची छापील पट्टी पालथी ठेवली. किंवा नुसतीच ठेवली, आणि ती पालथी पडली. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. पण एखादी गोष्ट मुळातच पिवळी असली, तर काविळीच्या माणसानं काय करायचं? त्यालाही ती पिवळीच दिसणार, आणि त्याचं खरं कुणी मानणार नाही.

परत येताना पॅसेजमधल्या खिडकीतून त्याला दोन्ही तुकडे दिसले. दिसले म्हणजे, उजव्या डोळ्याला दिसले; डावा डोळा हल्ली सगळ्यावर दुधाची साय धरत होता. आज दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, बायको न्यायला येणार होती. त्या डॉक्टरची लक्षणंही ठीक नव्हती. पहिल्याच भेटीत त्यानं शस्त्रक्रियेचं सुचवलं, आणि सुचवताना तो डोळ्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

टेबलापाशी मुंगी बसली होती. याच्या खुर्चीवर नव्हे, शेजारच्या स्टुलावर. मुंगी आता विभागप्रमुख होती, तिच्या सहीशिवाय इथं खिळासुद्धा ठोकला जात नसे. पण संशोधनाला आली तेव्हा अंगानं एवढीशी आणि कायम स्वतःपेक्षा मोठं काहीतरी उचलून चाललेली, म्हणून त्यानंच ते नाव ठेवलं होतं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

“सर, वेळ आहे?”

“वेळेशिवाय दुसरं काय आहे माझ्याकडे?”

“बरणी मी उघडली,” ती म्हणाली. “तुमच्या लक्षात आलंच असेल.”

“विचारायचं होतंस.”

“विचारलं असतं तर दिली असती तुम्ही?”

नसती दिली. म्हणजे दिली असती, पण समोर उभा राहून, मापून, आणि ती माती घेऊन जाताना तिच्या पाठीकडे बघत.

मग तिनं सांगितलं. नव्या आवृत्तीसाठी तिनं सगळे आकडे पुन्हा तपासायला घेतले होते. या वर्षीची माती तिनं आणि तिच्या माणसांनी तयार केली – सावलीत वाळवली, ढेकळं फोडली, चाळली, मुळं वेचली. झाकलेल्या तुकड्यात वाढ होतीच. “पण तुमच्या रेघेच्या निम्मी आहे, सर.”

“यंत्र तपास.”

“तपासलं. तुमची जुनी माती त्यात घातली, त्यासाठीच बरणी उघडली. तुमचाच आकडा आला. यंत्र खोटं बोलत नाहीये. म्हणून मग तुमची माती भिंगाखाली पाहिली. नांगरलेल्या तुकड्याची मुळं अगदी लख्ख वेचलेली आहेत. झाकलेल्यातली... राहिलीत. जाड नाहीत. केसासारखी, बारीक.”

पुढचं तिला सांगावं लागलं नाही. चाळलेल्या मातीत मुळाचा तुकडा राहिला की तो मातीबरोबर दळला जातो, आणि यंत्र त्याचाही कर्ब मातीच्या नावावर मांडतं. पाहुणा घरच्यांत मोजला जातो. हे त्यानंच तिला शिकवलं होतं. पहिल्या दिवशी. याच भिंगाखाली. आणि शिकवून झाल्यावर तिच्या हातातला चिमटा काढून घेतला होता – ठेव तो, तू घाई करतेस – आणि ती काही न बोलता फळीवरच्या चिठ्ठ्या नीट करत बसली होती. त्या वेळची तिची मान त्याला आता दिसली, वाकलेली, कानामागं पेन खोचलेली... कुणाच्याच हातात त्यानं चिमटा दिला नव्हता कधी. माणसं कंटाळतात, गप्पा मारतात, जेवायच्या वेळेला उरलेलं तसंच उरकतात. दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबायचं नाही, हा त्याचा नियम. मुळं तो स्वतः वेचायचा, सगळी, दरवर्षी, चिठ्ठी लावलेली बरणी शेजारी ठेवून. लोक त्याचं कौतुक करायचे. काय चिकाटी!

“म्हणजे मी मुद्दाम ठेवली, असं म्हणणं आहे तुझं.”

“तसं म्हणत नाहीये मी.”

“मग कसं म्हणतेयस?”

“मला माहीत नाही, सर. म्हणून तर आले.” तिनं चष्मा काढून पदराशी चाळा केला. “ती रेघ तुमची आहे. तुम्हाला न सांगता मी ती खाली आणणार नाही. पण वर आहे तशी छापणारही नाही.”

गोड बोलते. लहानपणापासून – म्हणजे संशोधनाला आली तेव्हापासून – गोड बोलते, आणि काम काढून घेते. आता हिचं नाव होईल: गुरूची चूक शोधणारी शिष्या. टाळ्या पडतील. कदाचित तिची माणसंच जास्त वेचत असतील, मुळाबरोबर मातीही काढून टाकत असतील, मुद्दाम... पण यंत्रात त्याचीच माती गेली होती आणि त्याचाच आकडा आला होता, हे काही त्याच्या मनातून हलेना. चोर शोधत घरभर फिरावं आणि आरशासमोर येऊन थांबावं, तसं काहीतरी. मी पक्षपाती? मी? ज्यानं सख्ख्या मेहुण्यावर विश्वास ठेवला नाही, तो मी?

“परीक्षा घे माझी,” तो म्हणाला.

कुलपाला बोलावलं. त्यानं दोन्ही तुकड्यांची ताजी चाळलेली माती पलीकडच्या खोलीत, कुणी बघत नसताना, सारख्या दिसणाऱ्या दोन ताटल्यांत घालून आणायची होती; ताटलीच्या तळाला खूण, वर काही नाही. मोठ्या गंभीर चेहऱ्यानं तो गेला आणि लग्नातलं ताट आणावं तशा दोन्ही हातांत ताटल्या घेऊन आला. “यातली कुठली कुठली ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही, सर.”

ब्रह्मदेवाचं माहीत नाही. ताटल्या टेबलावर टेकायच्या आधीच त्याला कळलं होतं. डावीकडच्या मातीचा वास – थंड, ओलसर नसून ओलसर वाटणारा, तळघरातल्या लाकडासारखा. आणि ती ताटलीत वाळूसारखी पसरली नव्हती, कणांनी एकमेकांना धरून ठेवलं होतं. डावीकडची माझी. हा शब्द मनात उमटला आणि तो दचकला. माझी? दोन्ही तुकडे त्याचेच होते. दोन्ही त्यानंच आखले, दोन्हींच्या कडेला उन्हात तोच उभा राहिला. तरी एक ‘माझी’ होती, आणि दुसरीला तो इतकी वर्षं मनात काय म्हणत आला होता? काहीच नाही. ती नुसती ‘दुसरी’ होती.

त्यानं चिमटा उचलला. उजवीकडच्या ताटलीत हात सरसर चालला. दिसलं की उचल, दिसलं की उचल, जकातनाक्यावरच्या निगरगट्ट कारकुनासारखा. मग तो डावीकडे आला. भिंगाखाली कण पर्वताएवढे झाले, आणि दोन कणांच्या मध्ये एक धागा होता, फिका, अर्धा कुजलेला. चिमटा त्याच्यापाशी जाऊन थांबला. मूळ आहे का हे? असेल. पण कुजायला लागलंय, कणाला चिकटलंय, म्हणजे जवळजवळ मातीच झालंय, आणि ओढलं तर कणही येईल बरोबर... राहू दे. चिमटा पुढं सरकला. या ‘राहू दे’चा सूर त्याच्या ओळखीचा होता. जन्मात ज्यानं कुणाला संशयाचा फायदा दिला नाही – बायकोला नाही, मुंगीला नाही, डोळ्यांच्या डॉक्टरला नाही – त्यानं तो सगळाच्या सगळा या ताटलीत ओतला होता का, वर्षानुवर्षं, चिमूट चिमूट?

की आजच? आज तो स्वतःवर नजर ठेवून होता, म्हणून हात अडखळला असेल. नजर ठेवलेला हात म्हणजे रोजचा हात नव्हेच. त्यानं धागा उचलला. मग वाटलं, हा हात आता जास्तच उचलतोय, सज्जन दिसायला. परत ठेवावा का? तो तसाच चिमटा हवेत धरून बसला.

“नाही,” तो म्हणाला. “ही परीक्षा होत नाही. मला कळतंय कुठली कुठली ते.”

“कशावरून?” कुलूप दुखावला. “मी तर स्वतःसुद्धा डोळे मिटून–”

“वासावरून.”

मुंगीनं वाकून एक श्वास घेतला. सरळ झाली तेव्हा तिच्या तोंडावर काय होतं ते त्याला नीट कळेना. “डावीकडची झाकलेली,” ती हळूच म्हणाली. “मलाही कळतं, सर. माझ्या माणसांनाही कळत असणार. सगळ्यांना तुम्हीच शिकवलंय.” मग जरा वेळानं, जणू स्वतःशीच: “आणि त्यांना ठाऊक होतं की मी तुमचा आकडा तपासतेय.”

म्हणजे तिचा तो ‘निम्मी’चा आकडाही पक्का नव्हता. त्याला वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला बरं वाटेल. बरं वाटलं नाही. ती स्टुलावर बसली होती आणि पहिल्यांदाच तिच्या हातात काही उचललेलं नव्हतं. ज्यांना माती कळते त्यांच्या हाती चिमटा देता येत नाही, आणि ज्यांना कळत नाही ते इथं येतात कशाला?

“तुम्ही अजून इथंच?” दारातून आवाज आला. “अहो, डॉक्टर काय तुमच्यासाठी दवाखाना उघडा ठेवून बसलाय का?”

बायको होती. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात त्याच्या डोळ्यांचे कागद. तिच्यासाठी माती म्हणजे संसारभर पायपुसण्यावर झटकलेली, बुटांतून सांडलेली, त्याच्या शर्टांच्या खिशांतून निघालेली. ‘माझी सवत’ म्हणायची ती तिला, आणि जाऊबाईंना सांगायची, दुसरी कुणी असती तर निदान घर तरी झाडलं असतं तिनं. मुंगीनं याच्याकडे पाहिलं, यानं मुंगीकडे. दोघांच्या मनात एकच आलं.

“वहिनी, जरा बसता का? थोडं निवडायचंय.”

“निवडायचंय? हे?” बायकोनं ताटल्यांकडे नाक उडवलं. “इतकी वर्षं मी घरात हेच निवडतेय. पगार देणार का?” पण बसली. चष्मा चढवला, पर्स मांडीवर घट्ट धरली, भिंगात डोकावली. “अगंबाई, केवढं दिसतंय! काय काढायचं यातलं?”

“मुळं. मूळ दिसलं की काढायचं, बास.”

“आणि यातली ह्यांची लाडकी कुठली?”

ती त्याच्याकडे बघत होती, चष्म्यावरून, आणि त्याचा डोळा – चांगला, उजवा – नकळत डावीकडं वळू लागला...

“सर, तुम्ही बाहेर थांबा,” मुंगी म्हणाली. “तोंडावर दिसतंय. मीही पाठ फिरवते.”

तो बाहेर आला. दार अर्धवट लोटलेलं होतं. वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा तो भिंतीला टेकून उभा राहिला. सवयीनं वाटायला लागलं, ती दमेल, कंटाळेल, नवऱ्याला वाईट वाटू नये म्हणून काहीतरी करेल, किंवा सवतीवरचा राग काढेल. संसारभराचा राग, आणि हातात चिमटा. तिनं ओळखलं असेल आधीच. मघाशी त्याचा डोळा वळला तो तिनं पाहिला की नाही? आणि आपल्याला हवं तरी काय आहे तिच्याकडून? एरवी हे विचारायचीही गरज पडली नसती. रेघ वर राहावी, हेच. आता तो ते मनाशी बोलून पाहत होता, आणि बोललेलं दुसऱ्याच कुणाचं तरी वाटत होतं.

“अगं, हे बघ गं,” आतून बायकोचा आवाज. “हे केसासारखं. या टोकाला मूळ आहे चांगलं, त्या टोकाला नुसती माती. मधे कुठं तुटतच नाहीये. हे काढू की राहू देऊ?”

मुंगीची पाठ फिरलेली असणार.

“अहो! ऐकताय का? मूळ कुठं संपतं यातलं?”

त्यानं तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, पाठ होतं, कितीतरी पोरांकडून त्यानं ते घोकून घेतलं होतं: डोळ्याला दिसलं ते मूळ, न दिसलं ती माती. कुणाच्या डोळ्याला, हे कुणी विचारलं नव्हतं. ते उत्तर जिभेवर आलं आणि तिथंच बसून राहिलं, आणि तो त्याच्याकडे पाहत राहिला, कुणीतरी मागं विसरून गेलेल्या वस्तूकडं पाहावं तसा – आपली आहे की नाही, उचलावी की नाही. किती, हे तो आयुष्यभर मोजत आला होता. माती कुठपासून, हे... छातीत काहीतरी सैल झालं होतं. भीती असावी. की भीती गेल्याचं असावं? ते त्याला ठरवता येईना, आणि या सैलपणावरही विश्वास ठेवावा असं काही त्याच्याकडे नव्हतं.

“काय बाई माणूस आहे,” आत बायको पुटपुटली.

मग चिमटा ताटलीला लागल्याचा बारीक आवाज आला. तिनं ते काढलं की ठेवलं, ते त्याला बाहेरून कळलं नाही. दार अर्धवटच लोटलेलं होतं, एक पाऊल टाकलं असतं तर दिसलं असतं. तो भिंतीला टेकून उभाच राहिला.